वाचकांचे प्रश्न : केशवराव भोसले यांचे मोठेपण

प्रश्न : संगीतसूर्य केशवराव भोसले अवघ्या ३१ व्या वर्षी गेले. तरीही त्यांचे नाव बालगंधर्वांच्या बरोबरीने घेतले जाते, ते केवळ ‘संयुक्त मानापमान’मुळे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ‘संयुक्त मानापमान’मुळे केशवराव मोठे झाले नाहीत, ते आधीच बालगंधर्वांच्या तोडीचे मानले जात होते, म्हणून तर तो प्रयोग होऊ शकला. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत दोघांच्या नाटक कंपन्यांनी मिळून केलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या या प्रयोगात बालगंधर्व नायिका भामिनी आणि केशवराव नायक धैर्यधर झाले. नाटक बालगंधर्वांच्या गंधर्व मंडळीच्या हातखंड्याचे, त्यातली पदे प्रेक्षकांना तोंडपाठ. अशा ठिकाणी स्वतःच्या गायकीवर उभे राहण्याची हिंमत दाखवणे, हे मला त्या रात्रीच्या गर्दीपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरच्या गरिबीमुळे अगदी लहान वयात ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले आणि देवलांच्या ‘शारदा’तील नायिकेच्या भूमिकेने नावारूपाला आले. पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या गवयाची तालीम मिळाली आणि त्यांच्या पल्लेदार, चपळ गळ्याला रागदारीची बैठक लाभली.

परंतु केशवरावांकडे केवळ गायक नट म्हणून पाहिले, तर त्यांचे निम्मे कर्तृत्व नजरेआड होते. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक कंपनी काढली, तेव्हा ते १७ वर्षांचे होते. ज्या वयात इतर नट मालकाच्या मर्जीवर भूमिका मिळवत, त्या वयात त्यांनी बिऱ्हाड, पगार आणि दौरे यांचा भार अंगावर घेतला. वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’त ते मृणालिनी झाले; मामा वरेरकरांचे हुंड्याच्या प्रश्नावरचे ‘हाच मुलाचा बाप’ त्यांनी १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले. पौराणिक कथानकांना हमखास प्रेक्षक लाभत असताना नव्या लेखकाच्या सामाजिक नाटकावर कंपनीचे पैसे लावणे हा मालक म्हणून त्यांनी घेतलेला धाडसी निर्णय होता, आणि त्याची दखल आपल्याकडे पुरेशी घेतली जात नाही.

‘संयुक्त मानापमान’नंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. मालक आणि प्रमुख नट एकच असलेली कंपनी त्याच्या मागे सहसा टिकत नसे. ललितकलादर्श मात्र बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी चालवली.