डिलक्सचा टाका वेगळा असतो का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी न्यू जर्सीत असते. ऑगस्टमध्ये नातू सायकलवरून पडला आणि हनुवटीला तीन टाके पडले. हॉस्पिटलचं बिल ३,८६० डॉलरचं आलं. इन्शुरन्सवाल्यांनी ते १,९४० वर आणलं, पण त्यातले १,६०० जावयालाच भरावे लागले. पंधरा दिवसांनी डॉक्टरचं बिल आलं ते वेगळंच. माझे धाकटे दीर लंडनजवळ हॅरोला राहतात. त्यांच्या मुलालाही असेच टाके पडले होते. पाच तास बसवून ठेवलं, पण एक पैसा घेतला नाही. अमेरिका एवढी श्रीमंत, मग तिथे असं का? जावई म्हणतात, तिथे लोक ऊठसूट डॉक्टरांवर खटले भरतात म्हणून. खरं आहे का? आणि मी मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी जाते आहे, माझी इथली मेडिक्लेम तिथे चालेल का?
— एक आजी, मुलुंड (पूर्व)

उत्तर : आजी, माझी एकतीस वर्षं मुंबईतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरमागे गेली. त्यामुळे तुमच्या पत्रात माझी नजर आधी गेली ती ३,८६० चे १,९४० झाले तिथे. टाके तेच, नातू तोच, आणि रक्कम निम्मी! मग पहिला आकडा कशाचा होता?

तो हॉस्पिटलच्या स्वतःच्या दरपत्रकातला. तिथे त्याला चार्जमास्टर म्हणतात, त्यात हजारो नोंदी असतात. फॅशन स्ट्रीटवर दुकानदार शर्टाचा जो पहिला भाव सांगतो ना, तसला तो भाव. प्रत्येक विमा कंपनी हॉस्पिटलशी स्वतंत्र घासाघीस करते. त्यामुळे एकाच टाक्याला जितक्या कंपन्या तितके भाव. विमाच नसेल त्याच्या हातात पहिला आकडा पडतो. राहता राहिले १,६००. ते डिडक्टिबलचे. वर्षाला ठरलेली रक्कम आधी आपण भरायची, मग कंपनी खिशात हात घालणार. डॉक्टरचं बिल वेगळं येतं, कारण इमर्जन्सीतला डॉक्टर बऱ्याचदा हॉस्पिटलचा नसतोच, दुसऱ्याच कंपनीचा असतो.

आपण हसू नये. आमच्याकडे अपेंडिक्सचं ऑपरेशन जनरल वॉर्डच्या पेशंटला एका भावात, ट्विन शेअरिंगला दुसऱ्या आणि डिलक्सला तिसऱ्या भावात व्हायचं. सर्जन तोच, थिएटर तेच, भूल देणाऱ्या बाई त्याच. नुसत्या खोलीचं भाडं वाढायला हवं, पण खोलीबरोबर सर्जनची फीही चढायची. एकदा लालबागचे एक आजोबा काउंटरवर बिल पसरून म्हणाले, “ताई, डिलक्सचा टाका वेगळा असतो का?” मी नेहमीचं उत्तर दिलं, “सिस्टीममध्ये तसंच आहे, काका.” अजून ते उत्तर आठवलं की कसंसं होतं.

तर मुद्दा भावाचा आहे. अमेरिकन माणूस सारखा डॉक्टरकडे धावतो म्हणून खर्च जास्त, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. इतर श्रीमंत देशांतल्या लोकांच्या सरासरीपेक्षा तो डॉक्टरकडे कमी वेळा जातो. २००३ साली आरोग्यखर्चाचे अभ्यासक जेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशोदेशींचे आकडे शेजारी ठेवून पाहिले आणि हेच काढलं की अमेरिकेत उपचार जास्त होत नाहीत, ते महाग पडतात. २०२३ मध्ये तिथे आरोग्यावर माणशी साडेचौदा हजार डॉलर खर्च झाले, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या साडेसतरा टक्क्यांच्या आसपास. ब्रिटनमध्ये हे प्रमाण अकरा टक्क्यांच्या घरात आहे. आणि गंमत पाहा, अमेरिकेतला हा जवळपास निम्मा खर्च तिथलं सरकारच करतं, म्हाताऱ्यांच्या मेडिकेअरवर, गरिबांच्या मेडिकेडवर. तरी भाव ठरवताना सगळ्यांच्या वतीने बोलणारा कोणी नाही.

तुमच्या दिरांकडे तो आहे. ५ जुलै १९४८ ला अन्यूरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली. पैसा मुख्यतः करातून येतो, तेव्हा फुकट काहीच नाही, दिरांच्या पगारातून ते आधीच कापलं गेलंय. पण गिऱ्हाईक एकच आणि तेही अवाढव्य, त्यामुळे औषध कंपनीला त्याच्याशी नमतं घ्यावं लागतं. नवं औषध त्याच्या किमतीच्या मानाने फायद्याचं आहे का, हे पाहायला १९९९ पासून नाइस नावाची संस्था आहे. ती नाहीही म्हणते. याची किंमत रांगेत मोजावी लागते. हॅरोचे पाच तास हे तर काहीच नाहीत, गुडघा बदलायचा असेल तर महिनोन् महिने थांबावं लागतं.

कोणीतरी ‘भाव हा’ असं ठणकावून सांगितलं की काय होतं ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने हृदयातल्या स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. औषध लावलेल्या ज्या स्टेंटचे आम्ही लाख-सव्वा लाख लावायचो, तो २९,६०० वर आला. रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही कॉम्प्युटरमधले दर बदलले. कोणतंही यंत्र बंद पडलं नाही की अँजिओप्लास्टी थांबली नाही. (पुढच्या काही महिन्यांत ‘प्रोसिजर चार्जेस’ हळूच वर सरकले, तेही मीच टाइप केले. एक ओळ दाबली की दुसरी फुगते.) अमेरिकेत मेडिकेअरला औषधांच्या भावावर बोलणी करायला २००३ च्या कायद्याने मनाईच केली होती. २०२२ च्या कायद्याने ती काही मोजक्या औषधांपुरती उठवली.

शिवाय या घासाघिशीलाच माणसं लागतात. हॉस्पिटलच्या बाजूला बिल चढवणारे, कंपनीच्या बाजूला ते कापणारे, मध्ये आमच्या टीपीएसारखे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारे मध्यस्थ. माझ्यासारख्यांचे पगार दोन्हीकडून रुग्णाच्याच बिलात. तिथल्या २०१० च्या कायद्याने कंपन्यांना प्रीमियममधले निदान ८० किंवा ८५ टक्के उपचारांवर खर्च करायला लावलं. चांगलंच केलं. पण उरलेला वाटा टक्क्यांत म्हटल्यावर एकूण रक्कम वाढलेली कंपनीला कशाला टोचेल?

जावयांचं खटल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण ते फार छोटं आहे. २०१० मधल्या एका अभ्यासात खटले, भरपाई आणि त्या धास्तीने केलेल्या जादा तपासण्या धरूनही हा बोजा एकूण खर्चाच्या अडीच टक्क्यांच्या आतच निघाला होता.

हे असं झालं कसं? युद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, तिथे पगारवाढीवर बंधन आलं. मग कारखानदार पगाराऐवजी विमा देऊन माणसं टिकवू लागले, आणि पुढे त्या विम्यावर कर लागेनासा झाला. आपल्या गिरण्यांतल्या ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, कार्डासारखं समजा. नोकरी आहे तोवर कार्ड. संपानंतर गिरणगावात ते किती घरांतून गेलं हे तुम्हाला सांगायला नको.

आता तुमचं. इथली साधी मेडिक्लेम बहुधा परदेशात चालत नाही, पॉलिसी काढून वाचा. प्रवासाचा वेगळा विमा घ्या. स्वस्त पॉलिसीत दर उपचाराला ठरावीक छोटी रक्कम असते, ती तिथे कुठल्या कुठे जाते. तसली घेऊ नका. आणि बीपी-शुगर फॉर्मवर लपवू नका, क्लेम नेमका तिथेच अडकतो. गोळ्या पुरेशा न्या, चिठ्ठीसकट.

जावयांना सांगा, बिलाचा तपशील ओळवार मागा आणि प्रत्येक ओळ वाचा. न केलेली गोष्ट लावलेली सापडते, हे मी कुठल्या अनुभवावरून सांगते ते ओळखा. हॉस्पिटल ना-नफा तत्त्वावरचं असेल तर आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवणं त्याला कायद्याने भाग आहे. जावई त्यात बसतात का, हे विचारायला काय जातं?

आणि हो, दाढ दुखत असेल तर रूट कॅनाल मुलुंडमध्येच उरकून घ्या. चष्म्याची दुसरी जोडीही करून ठेवा.