सॉफ्टवेअर फुकटचं, मग बिल कशाचं?

प्रश्न : गोकुळ शिरगावच्या दोन फाउंड्र्यांत (ओतकामाच्या कारखान्यांत) मी ईआरपीनेक्स्ट, म्हणजे स्टॉक, हिशेब, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून दिलं. आता एका मालकांना कळलंय की ते फुकट मिळतं. ‘मग आमच्याकडून पैसे कशाचे घेतलास?’ म्हणतात. पुढच्या गिऱ्हाइकाला हे सांगावं का? आणि मी केलेले बदल त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकले तर?
– एक वाचक, उजळाईवाडी

उत्तर : सांगा, तेही कोटेशनच्या पहिल्याच ओळीत : सॉफ्टवेअरची किंमत शून्य. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी हाच धंदा करतो. ती ओळ बघून मालक हसतात आणि मग खालचे आकडे नीट वाचतात.

आता खाली काय लिहायचं? तुमचं फाउंड्रीचं ज्ञान. रनर-रायझर (ओतताना साच्याच्या वाटांत राहिलेला जादा धातू) परत भट्टीत जातो, मशीनिंगला ब्लोहोल (आत हवेची पोकळी) निघालेलं कास्टिंग परत येतं. त्या वजनाचा हिशेब लागला पाहिजे. पुण्याच्या गिऱ्हाइकानं हीट नंबर (भट्टीतल्या त्या घाण्याचा क्रमांक) सांगितला की त्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे धातूत काय किती आहे याचा तपासणी अहवाल, लगेच निघाला पाहिजे. मूळ सॉफ्टवेअर काही फाउंड्रीसाठी लिहिलेलं नाही. मात्र हे बदल मूळ कोडमध्ये घुसडू नका, वेगळं ॲप करा. नाहीतर प्रत्येक अपग्रेडला रात्र जागवाल.

कोडचं म्हणाल, तर ईआरपीनेक्स्टला जीपीएल ३ हा खुल्या सॉफ्टवेअरचा परवाना आहे. गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर बसवून दिलंत की सोर्स कोड त्यांना द्यावा लागतो, आणि तो पुढे कुणालाही द्यायची त्यांना मुभा असते. देऊ देत मेव्हण्याला! मार्चअखेरीस स्टॉक जुळेना झाला की मेव्हणा फोन उचलतो का बघू. तुमच्याच सर्व्हरवर ठेवून नुसतं वापरायला दिलंत, तर जीपीएल परवाना कोड द्यायला लावत नाही, एजीपीएल हा त्याचाच कडक भाऊबंद मात्र लावतो. दुसरं काही सॉफ्टवेअर घेताना परवाना आधी वाचा.

नुसतं बसवून देण्यात पैसा एकदाच मिळतो. बॅकअप, अपग्रेड, जीएसटीतले बदल, रात्रपाळीचा फोन, या सगळ्याचा वार्षिक करार करा. अमेरिकेच्या रेड हॅटनं लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर अशीच वर्गणी घेऊन कंपनी उभी केली. २०१९ मध्ये आयबीएमनं ती ३४ अब्ज डॉलरला घेतली. आपल्याला शिरोली, कागलच्या दहा-बारा फाउंड्र्या टिकल्या तरी रग्गड.

त्या नाराज मालकांना जुनं बिल फोड करून दाखवा : माहिती भरणं किती, ट्रेनिंग किती, बदल किती. पुढच्या वर्षाचा करार त्याच बैठकीत काढा. सूट मागतीलच, ट्रेनिंगमध्ये द्या, रात्रपाळीच्या फोनमध्ये नको.