लाकडी युद्धनौकेच्या मॉडेलवर पट्ट्या लावताना सांगाडा पिळतो, काय करावं?

बहुतेकदा एक बाजू आधी पूर्ण केल्यामुळे असं होतं. डावीकडे एक, उजवीकडे एक अशा आलटून पालटून पट्ट्या लावा.

त्याआधी फासळ्यांच्या कडा तिरप्या घासून घ्या. पट्टी तीन-चार फासळ्यांवर टेकवून पाहा. फट दिसली तर अजून घासायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पुढे सगळंच बिघडतं.

नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, पट्टी निमुळती करावी लागते, मात्र निम्म्या रुंदीच्या खाली जाऊ नका, टोक तुटतं. १.५ मिमीची पट्टी अर्धा तास भिजवून वाकवा, चिमटे लावून पूर्ण सुकवा, मगच गोंद. ओलीच चिकटवली तर सुकताना आकसते आणि सांध्यांत फटी पडतात.