स्प्रे मारल्यावर झुरळ उताणं पडून पाय का झाडत राहतं?

कारण त्याच्या नसा थांबायचं विसरतात. घरगुती स्प्रेमध्ये बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. नसेतून संदेश गेला की सोडियमची दारं क्षणात मिटायला हवीत, ती हे औषध उघडीच धरून ठेवतं. मग एका संदेशाच्या जागी संदेशांची माळच सुटते. दर वेळी नसेच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरतं, तिथल्या सूक्ष्म पिशव्या फुटतात आणि ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन स्नायूवर सांडतं. सहाही पाय आपापल्या तालावर उडू लागतात, तोल जातो, आणि गुळगुळीत फरशीवर परत पालथं होणं काही जमत नाही.

हो, ग्लुटामेटच. आपल्याकडे स्नायूला हलवतं ते ॲसिटिलकोलीन, मेंदूत मुख्य काम ग्लुटामेटचं. कीटकांत नेमकं उलट. ॲसिटिलकोलीन त्यांच्या मेंदूत आणि छाती-पोटातल्या गँग्लियांत, म्हणजे नसांच्या गाठींत, असतं. म्हणून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक, जे ॲसिटिलकोलीनच्या जागी जाऊन बसतं, ते मावा-तुडतुड्यांच्या थेट मज्जासंस्थेवर घाव घालतं. आपल्या रिसेप्टरना, म्हणजे निरोप झेलणाऱ्या जागांना, ते तितकं घट्ट चिकटत नाही, एवढंच आपलं नशीब.

मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचं तसं नाही. ती ॲसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइमच बंद पाडतात, आणि ते एन्झाइम बोंडअळीत आहे तसं फवारणाऱ्या माणसातही आहे. लाळ, घाम, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर तोंड धुऊन झोपू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. तिथे ॲट्रोपिन देतात.