एलीयावर अकरा उपदेश

"माझा विश्वास कमी पडला म्हणून असं होतंय का?"

श्रद्धा असलेली माणसं मन खचलं की कधी ना कधी हा प्रश्न विचारतातच. समुपदेशनाच्या कामात एरवी मी त्याला सरावले आहे. पण या वेळी विचारणारे गृहस्थ स्वतः 31 वर्षं पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं त्यांनी लोकांचं समुपदेशनही केलं होतं. माझ्याकडची सगळी उत्तरं त्यांनी आधीच कुणाला ना कुणाला देऊन झाली होती. (त्यांना विचारून लिहिते आहे; ओळख पटेल ते सगळं बदललं आहे.)

खुर्चीत बसण्याआधी त्यांनी मलाच विचारलं, "दमलेल्या दिसताय, आज फार लोक झाले का?" सवय, दुसरं काय!

चार महिने पहाटे तीनला जाग येत होती. जेवण जात नव्हतं, कपडे सैल झाले होते. रविवारची उपासना मात्र एकदाही चुकली नव्हती.

"बायबल वाचता?"

"रविवारच्या तयारीसाठी वाचतो."

"आणि स्वतःसाठी?"

ते खिडकीकडे बघत राहिले.

इथे मी चूक केली. त्यांना धीर द्यायच्या घाईत बायबलमधल्या एलीयाची गोष्ट काढली. रानात रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागणारा संदेष्टा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, त्या उताऱ्यावर मी अकरा उपदेश दिलेत." मला हसू आलं, त्यांनाही. पाळकाला वचन सांगायला जाऊ नये, हे मी त्या दिवशी शिकले.

मग साधे प्रश्न विचारले. नातवंडाशी खेळताना बरं वाटतं का? गाणं ऐकता का? प्रार्थना कोरडी वाटते पण बाकी दिवस ठीक जातो, असं आहे, की सगळ्यातलीच गोडी गेली? हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. नुसता प्रार्थनेचा कोरडेपणा हा भाविकांचा जुना अनुभव आहे, त्यावर त्यांच्याच परंपरेत पुष्कळ बोललं गेलंय. पण झोप, भूक, माणसं, गाणी सगळ्यांचीच चव गेली आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर नैराश्याचा आजार आहे का, हे तपासायलाच हवं. त्यांची सगळ्यातलीच गोडी गेली होती.

मग मी थेट विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?"

बराच वेळ गेला. "स्वतःला काही करणार नाही. पण सकाळी जाग आली नाही तर बरं, असं वाटतं." आणि त्यापाठोपाठ खरी गोष्ट बाहेर आली. त्यांच्या मंडळीतला, म्हणजे चर्चच्या सभासदांपैकी, एक तरुण वर्षभरापूर्वी त्यांच्याकडे तीनदा आला होता. त्यांनी ऐकलं, प्रार्थना केली, पण हा प्रश्न विचारला नाही. विचारलं तर त्याच्या डोक्यात नको ते येईल, अशी भीती वाटली. त्या मुलाने जीव दिला. दफनविधी यांनीच केला, आईवडिलांना यांनीच धरलं, आणि पुढच्या रविवारी उपदेश द्यायला पुलपिटावर उभे राहिले.

विचारल्याने कुणाच्या डोक्यात आत्महत्या येत नाही. उलट बोलायला वाट मिळते. मी हे सांगितलं. ते म्हणाले, "आता ठाऊक आहे." त्या 'आता'पुढे मला काही बोलता आलं नाही.

पाळकाची अडचण अशी, की मंडळीचं गुपित बायकोलाही सांगता येत नाही आणि स्वतःचं दुःख मंडळीला सांगवत नाही. शिवाय यांना आणखी एक खोड होती. कुणाबद्दल तक्रार करायला सुरुवात केली की दुसऱ्या वाक्यात त्याची बाजू घ्यायची. मध्यरात्री फोन करणारे? "बिचारे एकटे असतात." सुट्टी नाकारणारे मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे कारभारी ज्येष्ठ? "त्यांचीही जबाबदारी असते." राग येऊन बसायला जागाच नव्हती.

त्याच दिवशी, त्यांच्या संमतीने, पत्नीला बोलावून घेतलं आणि रात्री फार वाटलं तर काय करायचं ते तिघांनी मिळून ठरवलं. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. थायरॉइडची तपासणी झाली, ती ठीक निघाली. औषधाला ते तयार नव्हते. "देवाच्या माणसाने गोळी घ्यायची?" मी चार्ल्स स्पर्जन यांचं नाव घेतलं. लंडनचे हे प्रसिद्ध उपदेशक 22 वर्षांचे असताना, 1856 मध्ये, त्यांच्या सभेत कुणीतरी आगीची खोटी आरोळी ठोकली आणि चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. पुढे नैराश्याने त्यांना अनेकदा गाठलं आणि ते पाळक होणाऱ्या विद्यार्थ्यांशी त्यावर उघड बोलत. "त्यांच्या काळी ही औषधं नव्हती," मी म्हटलं, "तुमच्या काळी आहेत." गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला काही आठवडे लागतात, हे आधीच सांगून ठेवलं होतं. तरी दहाव्या दिवशी "काहीच फरक नाही" असा फोन आलाच.

पाचव्या भेटीत ते आपणहून एलीयावर आले. "अकराही वेळा मी डोंगरावर ऐकू आलेल्या देवाच्या त्या मंद वाणीवर बोललो. त्याआधी तो दोनदा झोपतो, दूत त्याला दोनदा उठवून खायला लावतो. कुणी त्याला त्याच्या विश्वासाबद्दल विचारत नाही. यावर मी एकदाही बोललो नाही." थोडं थांबून म्हणाले, "बोलायची गरजच वाटली नव्हती, झोप लागायची ना."

तीन महिन्यांची रजा मिळाली. परतल्यावर त्यांनी बुधवारी फोन बंद ठेवायला सुरुवात केली आणि तातडीच्या कामासाठी दुसऱ्या पाळकांचा नंबर दिला. एक बाई त्यावरून चिडल्या आणि कुटुंबासकट मंडळी सोडून गेल्या. या गृहस्थांना हे फार लागलं. परवाच्या भेटीत ते चाळीस मिनिटं तिच्यावरच बोलत होते, तावातावाने, हात उडवत. त्या चाळीस मिनिटांत त्यांनी एकदाही तिची बाजू घेतली नाही.