'लिंक अप' दिसतंय म्हणजे लिंक धड आहे असं नाही

नेटवर्कवरून मोठी फाइल कॉपी होत नाही म्हणून तुम्ही दाखवलेला लॉग (मशीनच्या नोंदी) वाचला आणि जुनं दुखणं आठवलं. मशीन सुरू होताच 'लिंक अप, १०० एमबीपीएस, हाफ डुप्लेक्स', पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का बघायची छोटी चाचणी) एकदम सुरळीत, आणि मोठी फाइल कॉपी करायला घेतली की बोंब. केबल आणि ड्रायव्हर बदलून झालेच असतील, त्यात पडत नाही.

त्या 'हाफ'कडे बघा. हाफ डुप्लेक्स म्हणजे एका वेळी एकाच बाजूने पाठवायचं, फुल म्हणजे दोन्हीकडून एकदम. स्विचला (मशीनं नेटवर्कला जोडणारी पेटी) लावलेलं नेटवर्क कार्ड आजच्या काळात हाफवर येतं, तेव्हा बहुतेक वेळा पलीकडे कुणीतरी स्विचचा पोर्ट १०० फुलवर फिक्स करून ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी स्पीड-डुप्लेक्स आपापसात ठरवणं) बंद केलेलं असतं. तुमचं कार्ड ऑटोवर, पण समोर बोलणी करायला कुणीच नाही. स्पीड सिग्नलवरून कळतो, डुप्लेक्स कळायला मार्ग नाही, मग नियमाप्रमाणे कार्ड हाफ धरतं. स्विच मात्र फुल समजून हवं तेव्हा पाठवत राहतो आणि कार्डाला ती टक्कर वाटते. पिंगमध्ये एक पॅकेट जातं, मग एक येतं, म्हणून सगळं आलबेल. कॉपीत डेटा आणि त्याच्या पोचपावत्या एकाच वेळी दोन्हीकडून निघतात आणि तिथेच घोळ होतो.

आमच्याकडे पोर्ट ज्यांच्या ताब्यात होते त्या विभागाचं उत्तर ठरलेलं: "आमच्या बाजूला लिंक हिरवी आहे, तुमचं कार्ड तपासा." कार्ड बदललं, मग मदरबोर्ड, शेवटी अख्खं मशीन. पोर्ट तोच, त्यामुळे नवं मशीनही हाफवरच. दर वेळी तिकीट (तक्रारीची नोंद) एका ओळीत बंद. सीआरसी एरर (पॅकेट बिघडून आल्याची खूण) त्यांच्याच स्विचवर ढिगाने साचत होत्या, पण तो काउंटर उघडून बघायची कुणाला गरज वाटली नाही. रात्रपाळीच्या एका पोराने सहज कॉन्फिग उघडलं, तर पूर्वीच्या कुठल्यातरी मशीनसाठी केलेलं सेटिंग तसंच पडलेलं! हिरवा दिवा एवढंच सांगतो की सिग्नल पोचतोय. त्यावर तिकीट बंद करणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

तर लिनक्सच्या 'एथटूल' कमांडला उणे मोठा एस देऊन काउंटर लिहून घ्या, मोठी फाइल कॉपी करा, पुन्हा बघा. नुसता आकडा निरुपयोगी, फरक महत्त्वाचा. तुमच्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) वाढत असतील आणि त्यांच्या पोर्टवर सीआरसी, तर निदान पक्कं. काउंटरांची नावं ड्रायव्हरगणिक बदलतात, जरा शोधावं लागेल. तिकिटात "नेट स्लो आहे" असं लिहू नका. "पोर्टचं स्पीड-डुप्लेक्स कॉन्फिग आणि एरर काउंटर पाठवा" असं लिहा, म्हणजे टोलवायला जागा उरत नाही.

तुमचं कार्डही १०० फुलवर ठोकून द्या, असा सल्ला कुणीतरी देईलच. चालेल, पण माझा विरोध आहे. उद्या कुणी पोर्ट ऑटोवर नेला की तोच आजार उलट्या बाजूने. शिवाय तांब्याच्या केबलवर गिगाबिटला (१००० एमबीपीएस) ऑटो-निगोशिएशन सक्तीचंच आहे. दोन्हीकडे ऑटो ठेवा.

मी सर्व्हरवाला आहे, नेटवर्कवाला नव्हे, आणि मॅनेज्ड स्विच (ज्याचं सेटिंग बघता-बदलता येतं) नसेल तर यातलं अर्धं लागू नाही. लिंक सारखी पडून उठत असेल तर तो वेगळा विषय; तिथे आधी केबल, मग कार्डाचं वीज वाचवणारं ईईई बंद करून बघा. आणि गिगाबिटचं कार्ड १०० 'फुल'वर अडकत असेल तर कनेक्टरमधल्या निळ्या आणि तपकिरी तारांच्या जोड्या तपासा. १००ला त्या लागत नाहीत, गिगाबिटला चारही जोड्या लागतात.