निधी मंजूर, पण जागा कुणाची?

या वेळी आलेल्या पत्रांत पुणे जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींचे प्रश्न जास्त आहेत. विचारणा निधीची असते, पण कागद चाळले की बहुतेकांची गाडी सातबाऱ्यावरच अडलेली दिसते.

प्रश्न : स्मशानभूमीसाठी शेड, दहन ओटा आणि पोहोच रस्ता यांचा प्रस्ताव जनसुविधा योजनेत (गावातल्या मूलभूत सोयींसाठी ग्रामपंचायतींना मिळणारे अनुदान) दिला होता. 'जागेचा पुरावा जोडावा' असा शेरा मारून तो परत आला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या अंत्यविधी होतात. जमीन ज्यांची आहे ते शेतकरी ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर संमती लिहून द्यायलाही तयार आहेत. मग अडते कुठे?
– सरपंच, पुरंदर तालुका

उत्तर : संमतीपत्राने वापराला परवानगी मिळते, मालकी मिळत नाही. नोटरीचा शिक्का असला तरी नाही. लिहून देणारा हयात आहे तोवर सगळे सुरळीत चालते. त्याच्या मागे मुले-मुली वारस म्हणून सातबाऱ्यावर लागतात, त्यांतल्या एकाने हरकत घेतली की ओटा जोत्यापर्यंत येऊन थांबतो. सरकारी पैसा खासगी जमिनीत गेला म्हणून लेखापरीक्षणात आक्षेप येतो तो वेगळाच. शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्यावर रागावण्यात अर्थ नाही.

आधी जुन्या नोंदी पाहा. गावनकाशा आणि त्या गटाचा सातबारा काढा. काही गावांत स्मशानाचे क्षेत्र पोटखराब वर्ग 'ब'मध्ये, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेले, असे दाखवलेले असते. तशी नोंद सापडली तर निम्मे काम झाले. नसेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्राला पर्याय नाही, आणि त्यातही क्रम चुकवू नका.

पहिले काम मोजणीचे. भूमी अभिलेख कार्यालयाकडून नेमका तुकडा मोजून त्याचा नकाशा घ्या. 'गटाच्या उत्तरेकडील पाच गुंठे' एवढ्या वर्णनावर केलेला दस्त पुढे भांडणाचे मूळ होतो. मग सातबाऱ्यावरची सगळी नावे वाचा. सामाईक खाते असेल तर प्रत्येक खातेदाराची सही लागते; लग्न होऊन मुंबईला गेलेल्या बहिणीचीही. इतर हक्कांत सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर त्यांचे ना-हरकत पत्र घ्या. जमीन भोगवटादार वर्ग २ म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी असेल तर सक्षम महसूल अधिकाऱ्याची परवानगी दस्ताच्या आधी हवी. क्षेत्र लहान असले की जमिनीचे फार छोटे तुकडे पाडू न देणाऱ्या तुकडेबंदी कायद्याचा प्रश्न निघतो, म्हणून मसुदा घेऊन दुय्यम निबंधकांकडे आधी एक चक्कर मारा. मुद्रांक शुल्काचा आकडाही तिथेच कळेल.

दस्त झाला म्हणजे संपले, असे समजणाऱ्या ग्रामपंचायती पुष्कळ आहेत. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचे नाव लागले का, ते पाहा. त्यानंतर ग्रामपंचायतीच्या नमुना २४ या जमिनीच्या नोंदवहीत नोंद करा. पोहोच रस्ता नमुना २३ मध्ये हवा. तिथे रुंदी ३ मीटर लिहिलेली आणि अंदाजपत्रकात पावणेचार, असे असेल तर प्रस्ताव पुन्हा परत येईल.

जागा ओढ्याकाठी किंवा नदीकाठी असेल तर जलसंपदा विभागाकडे पूररेषा विचारा. निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीच्या बाजूच्या पूररेषेच्या, आत बांधलेली शेड एखाद्या पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि दुरुस्तीला कुठल्याच शीर्षात पैसे मिळत नाहीत.

वेळेचेही गणित आहे. जनसुविधेचे पैसे ज्यातून येतात, त्या जिल्हा वार्षिक योजनेचा पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण जानेवारीत जिल्हा नियोजन समितीपुढे जातो. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात. म्हणून ठराव १५ ऑगस्टच्या किंवा फार तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत व्हावा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ठरावात गट नंबर, क्षेत्र आणि कामाचे नाव लिहा. अंदाजपत्रकातले आणि ठरावातले नाव अक्षरश: सारखे ठेवा. 'स्मशानभूमी सुधारणा' आणि 'स्मशानभूमी शेड बांधणे' ही कार्यालयाच्या लेखी दोन वेगळी कामे आहेत. याच कामाला दुसऱ्या योजनेतून पैसे मागितलेले नाहीत, असा दाखला आणि जागेचा आजचा जिओटॅग फोटो प्रस्तावाला जोडा.

प्रश्न : पंधराव्या वित्त आयोगातून पाण्याच्या टाकीसाठी ठेवलेले काही पैसे उरले आहेत. त्यातून गावाची प्रवेश कमान करता येईल का?
– ग्रामपंचायत सदस्य, मुळशी तालुका

उत्तर : नाही. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठीच्या या निधीत ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित असे दोन कप्पे आहेत. बंधितातला निम्मा स्वच्छतेचा आणि निम्मा पिण्याचे पाणी, पाऊस-पाणी संकलन व पाण्याचा पुनर्वापर यांचा. समजा, वर्षाला १० लाख रुपये आले. तर ३ लाख स्वच्छतेला, ३ लाख पाण्याला आणि ४ लाख अबंधित. टाकीतले उरलेले पैसे पाण्याच्याच दुसऱ्या कामाला वापरा. गळकी जलवाहिनी, विहिरीचे पुनर्भरण, शाळेच्या छपराचे पाणी साठवणे यांतले काही ना काही प्रत्येक गावात राहिलेले असतेच.

कमान अबंधितात बसवू, असे कुणी सुचवील. अबंधित म्हणजे गावाच्या गरजेनुसार, पण पगार आणि आस्थापना वगळून. कमान ही गरज कशी, हे लेखापरीक्षकाला पटवून देणे कठीण जाईल. आमचे मत विचाराल तर कमानीला लोकवर्गणी शोभते.

आणखी एक. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या सरकारी पोर्टलवर त्याचे देयक निघत नाही. राहून गेलेले काम आधी ग्रामसभेच्या मंजुरीने पुरवणी आराखड्यात घ्या. सरपंच बदलल्यावर नवीन डिजिटल सहीची नोंदणी वेळेत झाली नाही, तर काम पूर्ण होऊनही ठेकेदाराचे पैसे अडकतात. मग तो दुसऱ्या कामाला गावात पाऊल ठेवत नाही.

प्रश्न : गावाला ११ एकर गायरान आहे. तरुण मंडळाला तिथे क्रीडांगण आणि व्यायामशाळा करायची आहे. ग्रामसभेचा ठराव पुरेसा आहे का?
– शिरूर तालुका

उत्तर : पुरेसा नाही. गायरान ग्रामपंचायतीकडे वापरासाठी आणि देखभालीसाठी असते, मालकी सरकारची. सातबारा उघडला की 'सरकार' हा शब्द दिसेल. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका गावाच्या सामाईक जमिनीच्या खटल्यात, जगपाल सिंग प्रकरणात, अशा जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखायचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढला, आणि जमीन महसूल संहितेत कलम २२-अ घालून गायरानाचा वापर बदलण्यावर बंधन आणले.

रीतसर वाट म्हणजे ग्रामसभेचा ठराव, तहसीलदारांमार्फत प्रस्ताव, प्रांतांचा अभिप्राय आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. गावात जनावरे किती, उरलेले गायरान त्यांना पुरते का आणि दुसरी जागा का नाही, हे तिघेही विचारणार. उत्तरे ठरावातच लिहा. आदेश हातात येण्याआधी भिंत उभारली तर ती अतिक्रमणात मोजली जाते, मग ती ग्रामपंचायतीने बांधली काय नि मंडळाने बांधली काय.

क्रीडांगणाचे अनुदान जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून मिळते, पण तिथेही पहिला कागद जागेचाच मागतात. शाळेचे मैदान असेल तर आधी त्याचा विचार करा.

प्रश्न : आमच्या हद्दीत एक मोठा प्लॉटिंगचा लेआउट झाला. त्यातल्या मोकळ्या जागेत ग्रामपंचायतीने समाजमंदिर बांधायचे ठरवले, तर प्लॉटधारकांनी हरकत घेतली. मोकळी जागा गावाचीच ना?
– हवेली तालुका

उत्तर : नाही. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या लेआउटमध्ये १० टक्के खुली जागा ठेवावी लागते. ती त्या लेआउटमध्ये राहणाऱ्यांच्या सामाईक वापरासाठी असते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, नाव चढवून तिची मालकी बदलत नाही. सुविधा क्षेत्र म्हणजे ॲमेनिटी स्पेस ही वेगळी गोष्ट. मंजूर नकाशात ती स्वतंत्र दाखवलेली असते आणि तिच्याबद्दल नियोजन प्राधिकरणाशी बोलता येते. मंजूर लेआउटची सहीशिक्क्याची प्रत काढा. तुमच्या गावात 'ओपन स्पेस' आणि 'ॲमेनिटी' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरत असतील, तर वादाचे मूळ तिथे आहे.

प्रश्न : विकास आराखड्यात आम्ही गावाच्या पूर्वेकडचा पट्टा 'निवासी' दाखवला आणि ग्रामसभेने तो मंजूरही केला. तरी परवानगी मिळेना.
– मावळ तालुका

उत्तर : नावाने घोटाळा केला. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा हा कामांचा आणि पैशांचा आराखडा आहे, त्याने जमिनीचा झोन ठरत नाही. झोन ठरतो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली. मावळ पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) क्षेत्रात येतो. पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रारूप आराखडा पुढे रद्द झाला, त्यामुळे झोन दाखला काढलात तर १९९७ मध्ये मंजूर झालेल्या प्रादेशिक योजनेचाच झोन समोर येईल. गट नंबर देऊन तो दाखला आधी घ्या. गावठाणालगतच्या २०० मीटरच्या पट्ट्यासाठी महसूल संहितेत कलम ४२-ड आहे. पूर्वेचा पट्टा त्यात बसत असेल तर तहसील कार्यालयात त्याची चौकशी करा.

प्रश्न : महापालिकेच्या नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकात आम्ही ५०० मीटरचा पदपथ सुचवला होता. काम नाकारले, कारण कळले नाही.
– सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : पुण्यात ही पद्धत २००६ पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, त्यात प्रभागातले ५ लाख रुपयांच्या आतले काम सुचवायचे. तुमचा पदपथ दोनपैकी एका कारणाने गेला असावा. एक, ५०० मीटरचा पदपथ ५ लाखांत होत नाही. दुसरे कारण जास्त वेळा आढळते : रस्ता शहराच्या विकास आराखड्यात आहे, पण रुंदीकरणाची पट्टी अजून पालिकेच्या ताब्यात आलेली नाही. नकाशावर ती रस्ता दिसते, सातबाऱ्यावर कुणाची तरी शेती. अशा पट्टीवर पालिका खर्च करत नाही.

पुढच्या वेळी अर्जाआधी पथ विभागाकडून ताब्याची माहिती घ्या. ताब्यातला एकच सलग भाग निवडा, सुरुवात आणि शेवट खांबाच्या नंबराने किंवा चौकाच्या नावाने लिहा. 'शाळेसमोर' एवढेच लिहिले तर कनिष्ठ अभियंता कोणत्या शाळेसमोर उभा राहील, याचा नेम नाही.